दिसेल ते बोल, प्यू

कॉन्स्टेबल गेथिन प्यूला आज तोंड सांभाळायचं होतं, आणि नेमकं आजच सार्जंट बेव्हनबाई त्याला सारखं बोलायला लावत होत्या. निळा दिवा लावून पोलिसगाडी पळवायचा परवाना हवा, तर चालवताना दिसेल ते मोठ्यानं बोलायचं, असा प्रशिक्षणातला नियम. मागच्या परीक्षेत गेथिनला आडवा आलेला एक ट्रॅक्टरवाला दिसला, आणि त्याच्याबद्दल तो जे बोलला ते ऐकून बाईंनी तिथल्या तिथे नापास केलं. एका शब्दावरून! आज शेवटची संधी. आज घसरला, तर नोकरीभर पायी गस्त, तीही वेल्सच्या पावसात.

"रागाचा एक शब्द निघाला की परीक्षा संपली," थर्मासमधला चहा झाकणात ओतत बाई म्हणाल्या. "हं, बोल."

"डावीकडे मेंढ्या, कुंपणाच्या आत. पुढे रस्त्याचं काम, तात्पुरता सिग्नल, लाल. समोर राखाडी गाडी उभी. मी अंतर ठेवून थांबतोय, सायरन बंद करतोय, म्हणजे त्यांच्यावर दडपण येणार नाही."

"छान."

सिग्नल काही बदलेना. समोरून चिटपाखरूही येत नव्हतं. खड्डा खणून ठेवणारे कुठे उलथले होते देव जाणे. शेवटी राखाडी गाडीचं दार उघडलं आणि एक आजोबा काठी टेकत मागे आले.

"वृद्ध गृहस्थ जवळ येताहेत," गेथिन म्हणाला. "चेहरा लाल. काठी वर."

काठी बाईंच्या काचेवर बसली. बाई दचकल्या आणि गरम चहा मांडीवर सांडला. त्यांनी दात आवळून काच खाली केली.

"मी हलणार नाही," आजोबा गरजले. "लाल दिव्यात पुढे गेलो तर दंड मला पडतो, तुम्हाला नाही. एवढी आग कुठं लागलीय?"

"कुठेच नाही, आजोबा. शिकाऊ फेरी आहे," गेथिन म्हणाला.

"म्हणजे आमच्या पैशानं चैनीच्या फेऱ्या? आणि शिकवतंय कोण, या बाई? तरीच."

गेथिनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "माझे हात स्टिअरिंगवर आहेत," तो कसाबसा म्हणाला. "मी श्वास घेतोय."

बाई मात्र श्वास घ्यायला थांबल्याच नाहीत. दार आपटून त्या खाली उतरल्या. "तरीच म्हणजे काय हो? तुमच्यासारखे खडूस थेरडे रस्ता अडवून बसतात म्हणून लोकांचे जीव जातात. या काठीसकट उचलून मेंढ्यांत फेकीन."

"सार्जंट, सिग्नल हिरवा झालाय."

"तू गप्प बस!"

बाई आणखी बरंच काही बोलल्या. त्यातलं निम्मं त्या ट्रॅक्टरवाल्यानंही ऐकलं नसेल.

"सिग्नल पुन्हा लाल," गेथिननं कळवलं.

"तक्रार करणार मी," आजोबा थरथरत म्हणाले. "पोरा, तू साक्षीदार. सगळं ऐकलंस ना?" उत्तराची वाट न बघता ते आपल्या गाडीत जाऊन बसले.

बाई परत येऊन बसल्या. ओल्या, घामाघूम. गेथिन आतून नुसता खदखदत होता. त्याला एका शब्दावर घरी पाठवलं, आणि हिनं टोपलीभर ओतले.

"प्यू," बाई हळू आवाजात म्हणाल्या, "तू काय पाहिलंस?"

"डावीकडे मेंढ्या, सार्जंट."

"आणि?"

"आणि माझी परीक्षा अजून चालू आहे."

बाईंनी थर्मासचं झाकण घट्ट लावलं. "संपली. पास झालास."

"नक्की? निकाल फिरवणार नाही?"

"नाही."

गेथिननं काच खाली केली, डोकं बाहेर काढलं आणि सकाळपासून गिळलेलं सगळं राखाडी गाडीच्या दिशेनं सोडून दिलं. बाईंनी त्याला एकदाही अडवलं नाही. उलट तो मध्येच अडखळला, तेव्हा दोन शब्द त्यांनीच सुचवले.