जसोदाबाईंचे मांडे आणि पानथरीची मोहीम

शके अठराशे त्रेपन्न, इंग्रजी सन एकोणीसशे एकतीस, कार्तिक मासी पश्चिम खानदेशात रनाळे गावी जे घोर युद्ध जाहले ते कोणी लिहून ठेविले नाही, कारण रणभूमी गिरधर पाटलांच्या पत्नी जसोदाबाई यांच्या अंगातच होती.

बाई तोरणमाळास देवदर्शनास गेल्या, तेथे डासाच्या मादीने दंश करून हिवतापाचा गनीम आत सोडला. मग गनीम यकृतात मुक्काम करून वाढला, आणि तांबड्या पेशींच्या गरीब रयतेच्या घराघरांत शिरून माजला, आणि दिवसाआड ऐन दुपारी घरे फोडून बाहेर पडू लागला. तो बाहेर पडला की बाईंना हुडहुडी भरे.

डाव्या बरगडीखाली पानथरीचा, म्हणजे प्लीहेचा, किल्ला. किल्लेदार भिकनराव, कुळाने पांढरी पेशी, बहुत खादाड. गनीम दिसला की गिळणे हेच त्यांचे शस्त्र. परंतु गनीम बेसुमार, आणि शुक्रवारी लेकीच्या सासूबाई प्रथमच जेवावयास येणार, आणि बाईंनी हातांवर पसरून खापरावर मांडे टाकायचे. शुक्रवार तापाच्या पाळीचा. हात थरथरला की मांडा फाटला, मांडा फाटला की अब्रू गेली.

सोमवारी शेजारीण सरलाबाईंनी मसलत दिली, "जसोदा, मन्हा कोठामा दडी बैस. ताप उना ते सांगसू, ती म्हसावद गयी." मग बाई कडब्यामागे दडल्या आणि सरलाबाई दारात उभ्या राहून, जसोदा म्हसावद गावी गेली, असे हवेस बजावत्या जाहल्या. भिकनराव चकित जाहले, कारण किल्ला, रयत आणि गनीम समस्त कोठ्यात बरोबरच आले होते. दुपारी कडबा सळसळू लागला.

त्या काळी कोयनेलची, म्हणजे क्विनीनची, पुडी टपालकचेरीत मिळे. पाटलांनी ती आणिली. बाई थुंकल्या, "हाई ते जहर शे!" पाटलांचा हुकूम सुटला, "गिळी टाक! याहीणसमोर मांडा फाटना ते नाक कोठे ऱ्हाई?"

मग कडू कुमक रक्तात उतरली, गनीम घरातल्या घरात मरू लागला, आणि भिकनरावांनी फर्माविले की कोणी ढेकर देण्यासही थांबू नये, आणि पांढरी फौज गनीम व त्याची फुटकी घरे गिळीत चालली. बुधवारी नुसता शहारा आला. शुक्रवारी ऐन दुपारी किल्लेदार श्वास रोधून बसले, आणि बाईंनी गोळा हातांवर घेतला, फिरविला, कोपरापर्यंत पसरला, आणि मांडा खापरावर अखंड पडला. फत्ते जाहली.

पुढे विहीणबाई पाच मांडे खाऊन "तूप कमी शे" एवढेच बोलून गेल्या, आणि लेक सुखाने नांदली. यकृतात दडलेले थोडे गनीम पुढल्या पावसाळ्यात उतरले, तेही गिळले गेले. भिकनरावांचे पोट गनिमाच्या काळ्या राखेने भरले आणि ते किल्ल्यातच कामी आले. विजयाचा खणनारळ मात्र सरलाबाईंस मिळाला. ताप त्यांनीच म्हसावदला पाठविला, अशी जसोदाबाईंची मरेतोवर खातरी होती.