बुधवारचं काय?

जेवणाच्या टेबलावर एका बाजूला लॅपटॉप, दुसऱ्या बाजूला अर्धवट भरलेली प्रवासाची बॅग आणि मधोमध गार झालेला चहा, अशी त्या घराची बुधवारची सकाळ होती. स्वयंपाकघरातला नळ टपटप गळत होता आणि त्याखालचं पातेलं काठोकाठ भरत आलं होतं. लॅपटॉपसमोर बसलेल्या गृहस्थाला यातलं काहीच दिसत नव्हतं, ऐकूही येत नव्हतं. तो एक बटण दाबण्याच्या बेतात होता.

या गृहस्थाला त्याची बायको 'देखभाल्या' म्हणायची. पोटापाण्यासाठी तो एका विमा कंपनीत कामाला होता, पण त्याचा जीव अडकला होता एका कंपायलरमध्ये. कंपायलर म्हणजे माणसाने लिहिलेला प्रोग्राम यंत्राला समजेल अशा बोलीत उतरवून देणारा दुभाषा. हा दुभाषा एका फंक्शनल भाषेचा होता. त्या भाषेत एखाद्या नावाला एकदा जी किंमत दिली ती पुन्हा बदलत नाही, आणि तोच प्रश्न कितीही वेळा विचारला तरी तेच उत्तर मिळतं. अशी भाषा वापरणारे लोक थोडे आणि तिच्या कंपायलरची फुकटात देखभाल करणारे त्याहून थोडे. देखभाल्या त्यांचा म्होरक्या होता.

बायको दातांची डॉक्टर. दिवसभर तोंड उघडं ठेवलेली पण बोलू न शकणारी माणसं बघायची आणि संध्याकाळी घरी यावं तर तोंड मिटून न बोलणारा एक माणूस तयार! तिने उद्याच्या गाडीची तिघांची तिकिटं काढली होती. नवरा, सासरे आणि ती, आठवडाभर समुद्रकिनारी. लॅपटॉप घरी राहणार, ही अट.

"आज तुझी ती नवीन आवृत्ती बाहेर पडली तर तू येशील," तिने बॅगेत टॉवेल कोंबत बजावलं. "ती राहिली तर तूही राहशील. मी आणि बाबा जाऊ. तुझं तिकीट खालच्या मजल्यावरच्या काकूंना देईन. त्या निदान बोलतात तरी."

"हं," देखभाल्या म्हणाला.

नव्या आवृत्तीत एकच मोठा बदल होता आणि त्यासाठी त्याने फार खस्ता खाल्ल्या होत्या. आतापर्यंत प्रोग्राममध्ये एखाद्या शक्यतेचं उत्तर, म्हणजे ती घडल्यास काय करायचं ते, लिहायचं राहून गेलं तर कंपायलर गप्प बसायचा. मग नेमकी तीच शक्यता समोर आली की प्रोग्राम भर रस्त्यात बसकण मारायचा. यापुढे कंपायलर आधीच अडवणार होता. सगळ्या शक्यतांची उत्तरं लिहा, नाहीतर पुढे जाता येणार नाही. देखभाल्याने बटणावर बोट नेलं आणि पडद्यावर एक लाल चौकट उमटली. हरकत आली होती.

हरकतदाराचं टोपणनाव होतं 'बुधवार'.

"माझा कुंड्यांना पाणी घालण्याचा प्रोग्राम आहे," बुधवारने लिहिलं होतं. "कुठल्या वारी कुठली कुंडी, ते तो सांगतो. बुधवारी मी पाणी घालत नाही, म्हणून बुधवार लिहिलेला नाही. त्या दिवशी प्रोग्राम मोडून पडतो आणि मला कळतं की आज बुधवार आहे. मग मीही पडून राहतो. ही माझी सोय तुम्ही काढून घेताय."

देखभाल्याने कपाळाला हात लावला. दुसरा कोणी असता तर ही हरकत कचऱ्यात टाकून मोकळा झाला असता. पण या मंडळींचा एक रिवाज होता. जुनी कुठलीही सवय मोडायची असेल तर आधी ती जाहीर करायची आणि मुदतीत एकाने जरी हरकत घेतली तरी तिचं सविस्तर, सभ्य आणि समाधानकारक उत्तर द्यायचं. हरकतदाराचं समाधान होईपर्यंत आवृत्ती अडकून पडायची. मागे एकदा मोठं भांडण झाल्यावर हा नियम खुद्द देखभाल्यानेच मोठ्या हौसेने लिहिला होता.

"चहा गरम करून देऊ का रे?" बाल्कनीतून वडिलांनी विचारलं. ते आयुष्यभर बसगाड्यांची वेळापत्रकं बनवून निवृत्त झाले होते.

"हं."

"हं म्हणजे हो की नको?"

"हं."

आणि देखभाल्या लिहू लागला. "आदरणीय बुधवार, आपण वेळ काढून हरकत नोंदवलीत याबद्दल मनःपूर्वक आभार. आपली अडचण मी समजू शकतो..." असे त्याने चांगले तीन परिच्छेद लिहिले. शेवटी नम्रपणे सुचवलं, की 'बुधवार: काही नाही' एवढी एक ओळ घातली की काम भागेल.

उत्तर लगेच आलं. "काहीच करायचं नाही, तर तेवढ्यासाठी लिहायला का लावता? माझ्या नोकरीत जी गाडी सुटत नसे ती आम्ही फलकावर लिहीत नसू."

देखभाल्याने पुन्हा तीन परिच्छेद लिहिले. बुधवार हटेना. पातेलं भरून वाहू लागलं. बायकोने ते ओतलं, परत ठेवलं आणि नवऱ्याकडे असं पाहिलं, की एखाद्या रोग्याचा दात भुलीशिवाय हलला असता. शेवटी देखभाल्याने ठरवलं, या बुधवारचं तोंड एकदाचं बंद करायचं. त्याने कंपायलरमध्ये एक सवलत घुसवली. ज्याला हवी त्याने ती चालू करावी, मग न लिहिलेल्या शक्यतेला कंपायलर 'काही करू नकोस' असं परस्पर समजून घेईल. घाईघाईने त्याने ती मंडळीतल्या सगळ्यांना तपासायला पाठवली आणि घाईघाईत ती सगळ्यांसाठीच चालू राहिली.

फोन खणखणला. पलीकडे होती लिफ्टवाली. ही बाई दिवसा लिफ्टची यंत्रणा तपासायची आणि उरलेल्या वेळात देखभाल्याच्या मंडळीत काम करायची. तिच्या टेबलावर खेळण्यातली एक लिफ्ट होती आणि कंपायलरमधला प्रत्येक बदल ती त्या लिफ्टवर चालवून बघायची.

"काय करून ठेवलंयस तू?" ती कडाडली. "माझी लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर थांबतच नाहीये!"

"तिसऱ्या मजल्याचं लिहिलंयस का?"

"विसरले होते! पण कंपायलर ओरडेल म्हणून मी निवांत होते. आता तो गप्प आणि लिफ्ट पण गप्प. वरून खाली, खालून वर. आतला बाहुला वेडा व्हायची वेळ आलीये."

"ते एका बुधवारसाठी केलंय गं..."

"तुझ्या बुधवारसाठी बाहुल्याने आयुष्यभर लिफ्टमध्ये राहायचं?"

तिला शांत करतोय तोवर सवलतीची बातमी फुटली होती. एकाला रविवारसाठी खास सवलत हवी होती. दुसऱ्याचं म्हणणं, आमच्या कचेरीत जेवणाच्या सुट्टीत कुठलीच शक्यता घडत नाही, तर त्या वेळात कंपायलरने आम्हाला छळू नये. तिसऱ्याला कशातच रस नव्हता, पण एवढ्या जणांना मिळतंय तर आपणही मागून ठेवावं म्हणून त्याने मागितलं. या प्रत्येकाला सविस्तर, सभ्य आणि समाधानकारक उत्तर देणं आलं. देखभाल्याच्या नाकी नऊ आले. तोवर बायकोने दोन बॅगा बंद करून दाराशी ठेवल्या होत्या. तिसरी अजून कपाटावरच होती.

"काकूंना विचारून येऊ का?" तिने चपला घालत विचारलं.

"थांब गं, जरा थांब!" देखभाल्या कळवळला. घरच्या माणसाशी दिवसातलं हे त्याचं पहिलं पूर्ण वाक्य.

त्याने सवलत मागे घेतली आणि शेवटचा उपाय म्हणून बुधवारला विनवलं, "कृपया आपला संपूर्ण प्रोग्राम पाठवा. मी स्वतः दुरुस्त करून देतो."

प्रोग्राम आला. देखभाल्या वाचू लागला. सोमवारी चिरलेली निळी कुंडी. मंगळवारी सूनबाईची मिरची. तो थबकला. निळी कुंडी त्याच्याही घरी होती. ती सरकवताना त्यानेच चिरवली होती. त्याने पुढचं वाचलं. गुरुवारी दारामागची मोठी कुंडी, मुलगा उचलून देईल तर. आणि त्याखाली यंत्राने दुर्लक्ष करावं म्हणून वेगळी खूण केलेली एक टीप होती: मुलगा उचलून देत नाही. शेजाऱ्यांना सांगणे.

देखभाल्या उठला आणि बाल्कनीत गेला. कुंड्या कोरड्या होत्या. आरामखुर्चीत वडील पाय पसरून पडले होते, पोटावर टॅब्लेट. बुधवार होता ना!

"बाबा, तुम्ही?"

"मी," वडील शांतपणे म्हणाले. "निवृत्त झालो तेव्हा तूच तर ही भाषा शिकायला बसवलंस मला. बाबांचा वेळ जाईल म्हणालास."

"अहो, पण मला सांगायचं ना! मी इथे दहा पावलांवर बसलोय!"

"सांगितलं की. परवा सांगितलं, काल सांगितलं, आज चहाच्या वेळी पुन्हा सांगणार होतो. तू हं म्हणालास." वडिलांनी टॅब्लेट वर धरला. "इथे बघ. आदरणीय. मनःपूर्वक आभार. आपली अडचण मी समजू शकतो. तीन परिच्छेद! या घरात माझ्याशी इतकं सविस्तर कोणी बोललं त्याला किती दिवस झाले असतील? मजा यायला लागली रे. म्हटलं, अजून एक हरकत घेऊ, अजून तीन परिच्छेद मिळतील."

देखभाल्याला हसावं की रडावं कळेना. खरं तर त्याला लाज वाटत होती, आणि ती चांगलीच वाटत होती.

"पण त्यापायी उद्याची सहल बुडत होती, बाबा. तुमचीसुद्धा."

"माझी कशी? मी आणि सूनबाई जाणारच होतो. तू आलास तरी आठवडाभर समुद्रासमोर बसून हंच म्हणणार. त्यापेक्षा काकू बऱ्या."

देखभाल्याने वडिलांशेजारी स्टूल ओढलं. आधी दारामागची मोठी कुंडी उचलून उन्हात आणून ठेवली, मग बसला. वडिलांनी विचारलं, हा बदल हवाच कशाला? त्याने तोंडी सांगितलं. तिसऱ्या मजल्याची गोष्ट सांगितली, बाहुल्याची सांगितली. वडील इतके हसले की खुर्ची करकरली.

"असं नीट सांग ना! बाहुल्यासाठी मी लिहितो एक ओळ," ते म्हणाले. "पण तुझा तो कंपायलर बोलतो किती तुसडा. 'शक्यता अपूर्ण.' अरे, कुठली अपूर्ण? माणसाला सरळ विचारावं, बुधवारचं काय?"

देखभाल्याला ते पटलं. तिथेच मांडीवर लॅपटॉप घेऊन त्याने बदल केला. आता कंपायलर राहून गेलेली शक्यता नावानिशी विचारणार होता. लिफ्टवालीने तपासून पाहिलं. कंपायलरने तिला विचारलं, तिसऱ्या मजल्याचं काय? तिने उत्तर लिहिलं आणि बाहुला सुखरूप उतरला. बुधवारने हरकत मागे घेतली, वर दोन परिच्छेद आभारही मानले.

"झालं!" देखभाल्या आत येत ओरडला. "आवृत्ती सुटतेय! माझी बॅग काढ!"

बायको टेबलाशी मोबाइलवर काहीतरी टाइप करत होती. तिने मान वर केली नाही.

देखभाल्याने बटणावर बोट नेलं आणि पुन्हा लाल चौकट उमटली. नवीन हरकतदार होता. टोपणनाव, 'गळका नळ'.

"आदरणीय देखभालकर्ते," त्याने वाचलं, "स्वयंपाकघरातला नळ गळतो, ही तक्रार अनेक महिने तोंडी नोंदवलेली आहे. दर वेळी 'हं' एवढंच उत्तर मिळालं. घरातली जुनी दुरुस्ती खोळंबलेली असताना बाहेर नवी आवृत्ती काढण्यास माझी हरकत आहे. आपली अडचण मी समजू शकत नाही. आपली नम्र, दातांची डॉक्टर." खाली लिफ्टवालीने ताबडतोब पाठिंबा नोंदवला होता आणि त्याखाली बुधवारने.

"हा कंपायलरचा विषय नाही!" देखभाल्या म्हणाला.

"नियमात तसं कुठे लिहिलंय?" बायको म्हणाली. "नियम तुझाच आहे. वाच."

त्याने वाचला. तसं खरोखरच कुठे लिहिलेलं नव्हतं. ती शक्यता त्याच्याच हातून राहून गेली होती.

देखभाल्याने माळ्यावरून पाना शोधून काढला, बाह्या सरसावल्या आणि ओट्याखाली डोकं घातलं. बाहेरून बायकोने वाकून विचारलं, "आज होईल ना?"

"हं," ओट्याखालून आवाज आला.

"सविस्तर!" बायको आणि बाल्कनीतले बाबा एकदम ओरडले.