सासरे अगदी जवळ आहेत

"ज्याच्या खिशात माझा बिल्ला आहे, तो माणूस हरवूच शकत नाही!"

जावयाने छाती काढून हे जाहीर केलं तेव्हा सासरे कौतुकाने मान डोलवत होते आणि बायको कामावर जायच्या घाईत एक चप्पल शोधत होती. चपलेला बिल्ला नव्हता.

चांगली चालू नोकरी सोडून जावयाने जेवणाच्या टेबलावर बसून एक ॲप लिहिलं होतं. ते बघायला आज एका मोठ्या वृद्धाश्रमाच्या संचालिका येणार होत्या. त्यांच्याकडचे आजोबा अधूनमधून फिरायला म्हणून निघत आणि परत यायचं विसरत. मॅडमना ॲप पसंत पडलं तर उत्तम, नाहीतर उद्या जुन्या साहेबांपुढे जाऊन उभं राहायचं, असा घरात करार झाला होता. म्हणजे करार बायकोने केला होता, ह्याने हो म्हटलं होतं.

बिल्ला शर्टाच्या बटणापेक्षा थोडासा मोठा. तो बारीक लहरींवर आपला नंबर सतत हवेत सोडत राहतो आणि आसपासचा फोन तो ऐकतो. पण ऐकायचं, नंबर ओळखायचा, माणूस दूर आहे की जवळ हे ताडायचं, ही सगळी डोकं पिकवणारी कामं. ती करणारी लायब्ररी, म्हणजे तयार कोडचं गाठोडं, कुणा भल्या माणसाने लिहून इंटरनेटवर फुकट ठेवली होती. सोबत वापर समजावणारं एक उदाहरणही होतं. जावयाने ते उदाहरण जसंच्या तसं उचलून आपल्या ॲपमध्ये डकवलं, त्यातलाच नंबर बिल्ल्यात भरला, आणि पहिल्या झटक्यात चाललं की हो! चालणाऱ्या कोडला हात लावायचा नाही, हा त्या धंद्यातला नियमच आहे. त्याने लावला नाही.

"बाबा, तुम्ही आमचे हरवलेले आजोबा. इमारतीत कुठेही लपा. पण फोनने शोधून काढल्याशिवाय बाहेर यायचं नाही हं!"

"जावईबापू, लपाछपीत मला आजवर कोणी पकडलेलं नाही!" असं म्हणत सासरे बिल्ला खिशात टाकून पसार झाले. म्हातारा माणूस, पण उत्साह असा की लिफ्टची वाट बघतानाही नाचत होता.

मॅडम आल्या. बसल्या नाहीत, पाणी घेतलं नाही. "शोधा," एवढंच म्हणाल्या.

जावयाने ऐटीत फोन काढला. घरात दाखवलं, 'दूर'. दोघं जिना उतरू लागले. 'जवळ'! मॅडमच्या भुवया किंचित वर गेल्या. जावयाला आभाळ ठेंगणं झालं. फाटकाबाहेर पाऊल टाकलं आणि फोन थरथरला, 'अगदी जवळ'!

समोर एक ट्रक उभा होता. कुणाच्या तरी घराचं सामान भरून झालेलं, दोरखंड आवळलेले, आणि ड्रायव्हर किल्ली फिरवतोय.

जावयाचा चेहरा पांढराफटक पडला. "बाबा ट्रकमध्ये लपलेत!"

"काय?" मॅडम किंचाळल्या.

"थांबा! थांबवा!" हात पसरून तो ट्रकच्या पुढ्यात उभा राहिला. "आत माझे सासरे आहेत!"

ड्रायव्हरने डोकं बाहेर काढलं. "साहेब, आम्ही सामान नेतो. माणसं नाही नेत."

जावई मागच्या बाजूने वर चढला. पलंगाजवळ 'जवळ', गाद्यांजवळ 'जवळ', आणि घोंगड्यांत गुंडाळून बांधलेल्या एका भल्यामोठ्या कपाटाजवळ, 'अगदी जवळ'! त्याने कपाटावर थाप मारली. "बाबा! ऐकू येतंय का?"

कपाट गप्प.

"बाबा उत्तर देत नाहीत!" त्याचा आवाज फाटला.

"अहो, गुदमरले असतील ते! कापा दोऱ्या!" मॅडम ओरडल्या. बघता बघता गर्दी जमली. सामानाचा मालक कपाळाला हात लावून बसला. कुणीतरी अँब्युलन्स बोलवायला सांगितलं. जावयाने बायकोला फोन केला.

"अगं, बाबा कपाटात आहेत, कपाट ट्रकमध्ये आहे, आणि ते काहीच बोलत नाहीत!"

ती म्हणाली, "तिथून हलू नकोस. मी आले."

चार हमालांनी दोऱ्या कापून, घोंगड्या काढून कपाट रस्त्यावर उतरवलं. दार अडकलेलं. जावयाने फटीतून हात आत घातला आणि तो किंचाळला.

"हात लागला! बाबांचा हात!"

सगळ्यांनी जोर लावून दार उघडलं. त्याच्या मुठीत एका ओव्हरकोटची बाही होती. कोटात कोणी नव्हतं.

"ओ साहेब," ड्रायव्हर कपाटाच्या पाठीमागे बोट दाखवत म्हणाला, "तुमचा फोन ह्याच्यावर तर बोंबलत नाही ना?" तिथे अगदी तसाच एक बिल्ला चिकटवलेला होता. "सामान हरवू नये म्हणून कंपनी लावते."

जावयाने फोनवर त्याचा नंबर बघितला आणि तो मटकन कपाटाशेजारी बसला. तोच नंबर! सामानवाल्यांच्या प्रोग्रामरनेही तीच लायब्ररी घेतली होती, तेच उदाहरण डकवलं होतं, आणि त्यानेही चालणाऱ्या कोडला हात लावला नव्हता.

"म्हणजे तुमचे सासरे हरवलेत," मॅडम थंडपणे म्हणाल्या. "खरोखरचे."

तेवढ्यात टॅक्सीतून बायको उतरली. तिने कपाट बघितलं, नवऱ्याच्या हातातला कोट बघितला, आणि काही न विचारता पर्स खाली ठेवून तोंड वर केलं.

"बाबाऽऽऽ! दुपारची गोळी घेतली का?"

वर, पार गच्चीवर, पाण्याच्या टाकीमागून एक पांढरं डोकं निघालं.

"घेतो गं, घेतो! पण जावईबापूंना सांग, हे धरायचं नाही. मी अजून सापडलेलो नाही!"

जावयाला रडावं की हसावं कळेना. म्हातारा सुखरूप आहे हे बघून त्याला हायसं वाटलं, आणि लगेच मॅडमची आठवण होऊन त्याने हातातला कोट पाठीमागे लपवला.

मॅडमनी चष्मा काढून पुसला. "तुमचं ॲप राहू द्या," त्या म्हणाल्या. मग बायकोकडे आदराने बघत त्यांनी जावयाला विचारलं, "यांच्या आवाजाची रेंज किती आहे?"

"कल्पना नाही, मॅडम," जावई म्हणाला. "मी कधी तिच्या रेंजबाहेर गेलोच नाही."

मॅडमनी पर्समधून आपलं कार्ड काढून बायकोच्या हातात ठेवलं. "आमच्याकडे नोकरीची एक जागा रिकामी आहे. विचार करा."

बायकोने कार्ड नीट वाचलं, पर्समध्ये ठेवलं आणि नवऱ्याकडे वळली. "उद्या साहेबांकडे जाताना निळा शर्ट घाल. आणि आता त्या बिचाऱ्यांना कपाट परत चढवायला हात लाव!"