पितृपक्षातली मशीन

कोणत्याही विभागाची प्रगती व्हायची असेल, तर आधी त्याचा प्रमुख बदलावा लागतो. प्रमुख बदलला म्हणजे आधीचा प्रमुख चुकत होता हे सिद्ध होते, आणि चूक कळणे ही प्रगतीची पहिली पायरी होय. (दुसऱ्या पायरीपर्यंत पोहोचण्याआधी पुन्हा प्रमुख बदलतो. त्यामुळे तिच्याविषयी फारशी माहिती उपलब्ध नाही.)

या कसोटीवर चंद्रपूरहून मूलकडे जाताना जंगलाच्या काठाला लागणाऱ्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाचा स्थापत्य विभाग राज्यात पहिला यायला हरकत नव्हती. १९९२ ते २००३ या अकरा वर्षांत त्याला सात प्रमुख लाभले, म्हणजे दर प्रमुखामागे एक वर्ष सात महिने. महाविद्यालयाचे नाव येथे देत नाही. ते आपल्याच ओळखीचे आहे असे प्रत्येकाला वाटावे, हे बरे.

हे सातही प्रमुख ज्याने पाहिले असा विभागात एकच माणूस उरला होता. प्रयोगशाळा सहायक नूर मोहम्मद. प्रमुख येत, जात. नूर मोहम्मद प्रयोगशाळेची किल्ली पायजम्याच्या नाडीला बांधून तिथेच असे. पदावर नसलेला माणूस बदलण्यात कुणालाच प्रगती दिसत नाही.

१९९२ साली दिवाळीच्या सुमारास विभागात सळया ताणून तोडण्याची मशीन आली. पुलात, छतात जी लोखंडी सळई घालतात ती किती ओढ सोसते, हे मशीन सांगते. सळई दोन जबड्यांत धरायची, तुटेपर्यंत ताणायची आणि कितीवर तुटली ते काट्यावर वाचायचे. ती चालवायला शिकण्यासाठी नूर मोहम्मदला तीन आठवडे कारखान्यात पाठवले होते. तिथे त्याने आयुष्यात पहिल्यांदा सळई तुटताना ऐकली. घरी परतल्यावर त्याने बायकोला, खुर्शीदाला, तो आवाज तोंडाने काढून दाखवला. शेजारी धावून आले. तेव्हापासून त्याची एकच इच्छा होती, आपल्या हाताने, आपल्या विभागात, एक सळई तोडायची. ३० सप्टेंबर २००३ला तो निवृत्त होणार होता.

मशीन मात्र खोक्यातच होती.

यात कुणाचा आळस होता असे समजू नये. मशीन बसवायला खाली खड्डा खणून काँक्रीटचा पाया लागतो. पहिल्या प्रमुखांनी पूर्वेच्या भिंतीलगत खड्डा खणला, नारळ फोडून भूमिपूजन केले आणि बदलून गेले. दुसऱ्याच्या खड्ड्यात आपली मशीन बसवणे कोणत्याही स्वाभिमानी प्रमुखाला शोभत नाही. म्हणून दुसऱ्यांनी तो बुजवून पश्चिमेला खणला. तिसऱ्यांनी जड वस्तू नैर्ऋत्येला असाव्यात हे शास्त्राधारे दाखवून दिले. चौथ्यांचा खड्डा व्हरांड्यात होता. (त्यात एक प्राध्यापक पडले. ते आधीच्या प्रमुखांच्या गटातले होते, असे नोंदवले गेले.) पाचव्यांनी खड्ड्याला हातच लावला नाही, म्हणून त्यांच्या काळाला आजही अंधारयुग म्हणतात. सहाव्यांनी दोन खड्डे खणून मागचा अनुशेष भरून काढला. सातव्यांनी प्रयोगशाळेच्या मधोमध खणून चक्क काँक्रीटही ओतले, बोल्टसुद्धा गाडले. काँक्रीटला पुरती ताकद यायला अठ्ठावीस दिवस लागतात. साहेबांना पुण्याकडची बदली सव्विसाव्या दिवशी मिळाली.

सगळे खड्डे खणले आणि बुजवले एकाच माणसाने. रोजंदारीवरचा मुखरू, जवळच्याच गावचा धानाची शेती करणारा.

"भाऊ," तो एकदा फावड्यावर हनुवटी ठेवून नूर मोहम्मदला म्हणाला, "या खड्ड्याची माती मी मागच्या खड्ड्यात टाकून राह्यलो. मागच्याची त्याच्या मागच्यात टाकली होती. पन पहिल्या खड्ड्याची माती कुठी गेली, मले काही आठवत नाई."

"फाइलीत गेली असंल," नूर मोहम्मद म्हणाला.

दरम्यान सळया येतच होत्या. आसपासच्या जिल्ह्यांत पूल, शाळा, दवाखाने होत होते आणि बांधणाऱ्यांना सळईच्या चाचणीचा अहवाल लागे. विभागाकडे मशीन आहे हे खोक्यावरच लिहिलेले होते, त्यामुळे अहवाल देण्यात तांत्रिक अडचण नव्हती. सळई टेबलावर ठेवत. प्रमुख तिच्याकडे पाहत. मग अहवाल टाइप होई. अकरा वर्षांत चारशे बारा सळया आल्या आणि चारशे बाराही उत्तीर्ण झाल्या. शंभर टक्के निकाल! इतका निकाल विभागाच्या विद्यार्थ्यांचाही कधी लागला नाही.

गैरसोय एकच होती. अहवालावर 'चाचणी घेणाऱ्याची सही' असा रकाना होता आणि नूर मोहम्मद तिथे सही करत नसे. "तोडली नाई तं सही कायची करू?" एवढेच तो म्हणे. तिसऱ्या प्रमुखांनी त्याला बोलावून समजावले, मग दम दिला, आणि शेवटी प्रशासकीय सुधारणा म्हणून तो रकानाच काढून टाकला.

मयुरी याच विभागात शिकली. गाव मुलचेऱ्याकडचे, घरी धानाची शेती. शेवटच्या वर्षाला असताना ती रोज येऊन खोक्यावर टिचकी मारी आणि विचारी, "नूरभाऊ, कवा तोडता?" तो म्हणे, "तू जायच्या आधी तोडून दाखवतो, बेटी." ती चाचणीची आकृती फळ्यावरून उतरवून पैकीच्या पैकी गुण घेऊन गेली, पुढे शिकली आणि तिथेच अध्यापिका म्हणून परत आली. आता नूर मोहम्मद तिला मॅडम म्हणत असे. दोघेही खोक्याविषयी बोलत नसत.

सातवे प्रमुख गेले आणि आठवे नेमले गेले, तेव्हा पितृपक्ष तोंडावर होता. पक्षात कुणी पदभार घेत नाही. आठव्यांनी घटस्थापनेच्या मुहूर्तावर, सव्वीस सप्टेंबरला रुजू होईन असे कळवले. मधले पंधरा दिवस प्रभार कुणी घ्यायचा? तीन ज्येष्ठ प्राध्यापकांना विचारले. एकाची तब्येत त्याच दिवशी बिघडली. दुसऱ्यांच्या पत्रिकेत योग नव्हता. तिसरे म्हणाले, "पक्षात मी साबणाची नवी वडीसुद्धा काढत नाही." असा तो प्रभार घरंगळत सर्वांत कनिष्ठ मयुरीपाशी येऊन थांबला. तिने सही केली आणि उठून थेट प्रयोगशाळेत गेली.

"नूरभाऊ, खोकं फोडा."

"पक्ष सुरू हाय, मॅडम. तुमच्यात नवं काही करत नाईत ना?"

"मशीन कुठी नवी आहे? अकरा वर्सं झाली तिले," मयुरी म्हणाली. "अन नवा खड्डाई खनता येत नाई. पक्षात भूमिपूजन होते का? तं जो खड्डा आहे, त्याच्यातच बसवा लागंल."

या युक्तिवादाला विभागाच्या इतिहासात तोड नाही. प्रगती थांबवण्याचा अधिकृत पंधरवडा मिळाल्याबरोबर काम सुरू झाले. माहितीपुस्तिका उंदरांनी खाल्ली होती, पण नूर मोहम्मदने कारखान्यात उर्दूत लिहून आणलेली वही घरी कपाटात शाबूत होती. रबरी सील वाळून खारकेसारखे झाले होते. नवे त्याचा पुतण्या रईस याने चंद्रपूरच्या गॅरेजमधून आणून दिले. मुखरूने चेन-कप्पी लावली आणि मशीन सातव्यांच्या बोल्टवर अलगद उतरली. "खड्डा बुजवाचा नाई?" त्याने दोनदा विचारून घेतले. त्याचा विश्वास बसत नव्हता.

बावीस सप्टेंबरला दुपारी पहिली सळई लावली. ती मुलचेऱ्याकडच्याच एका नाल्यावर होणाऱ्या पुलाची होती. नाल्यापलीकडे मयुरीचे गाव. पावसाळ्यात दोन-दोन महिने तिच्या आईला, इंदुताईला, अलीकडे येता येत नसे. हा पूल गावात सगळ्यांनाच हवा होता. मयुरीला तो सगळ्यांत जास्त हवा होता. नूर मोहम्मदने बिस्मिल्ला म्हणून मूठ फिरवली. काटा चढू लागला.

धाड!

कबुतरे उडाली. नूर मोहम्मदने डोळे पुसले आणि तेल उडाले असे सांगितले. अकरा वर्षे तोंडाने काढलेला आवाज आणि हा आवाज यांत काडीचाही फरक नव्हता, आणि त्याला इतका आनंद झाला की काट्याकडे पाहायचे तो विसरला. मयुरीने पाहिले. सळई जेवढ्या ओढीवर तुटायला हवी, तिच्या पुष्कळ आधीच तुटली होती. दुसरी लावली, तिसरी लावली. तिन्ही तशाच. मयुरीने सहाही तुकडे टेबलावर ओळीने मांडले.

"बेटी," नूर मोहम्मद हळूच म्हणाला, "तुह्या गावचा पूल हाय. अडकंल ना?"

"अडकला तं अडकू द्या. पडाच्या परीस बरा."

तिने विभागातला पहिला 'अनुत्तीर्ण' अहवाल लिहिला. खाली हाताने रेघ मारून रकाना आखला आणि नूर मोहम्मदने त्यात सही केली. नोकरीतली ती त्याची सर्वांत वळणदार सही होती.

सव्वीस तारखेला आठवे प्रमुख मुहूर्तावर आले. त्यांनी सर्व बाजू ऐकून घेतल्या, कागद मागवले आणि शांतपणे निष्कर्ष काढला. मशीनशिवाय घेतलेल्या चारशे बारा चाचण्यांत एकही सळई नापास नाही. मशीन लावताच तीनपैकी तीन नापास. म्हणजे दोष कुठे आहे, हे शेंबडे पोरही सांगेल. शिवाय मशीन पितृपक्षात बसवलेली. मशीन खोक्यात परत गेली, सळया जुन्या पद्धतीने पुन्हा तपासण्यात आल्या (टेबलावर, चहाच्या आधी) आणि तिन्ही उत्तीर्ण झाल्या. मयुरीने तीन अर्ज दिले, विद्यापीठालाही लिहिले. तिन्ही अर्ज 'अभिप्रायार्थ' आठव्या प्रमुखांकडेच आले. तिला वेळापत्रक समितीचे अध्यक्षपद देण्यात आले.

तीस तारखेला सकाळी आठव्या खड्ड्याचे भूमिपूजन आणि दुपारी नूर मोहम्मदचा निरोप समारंभ झाला. (खड्डा खरे तर आठवाच होता. पाचव्यांचा राहिलेला सहाव्यांनी भरून दिल्यामुळे हिशेब चोख होता.) नारळ एकच आणला होता, तो सकाळी फुटला, म्हणून त्याला नुसती शाल मिळाली. भाषणात आठवे प्रमुख म्हणाले की नूर मोहम्मद यांची सेवा निष्कलंक होती, शेवटचा पंधरवडा सोडता. शालीत तुटक्या सळयांचे सहा तुकडे गुंडाळून तो घरी गेला. खुर्शीदाने ते धुऊन कपाटात, वहीशेजारी ठेवले.

पूल पुढच्या पावसाळ्याआधी झाला. इंदुताई लेकीकडे येऊ लागली. येताना पुलापाशी ती एसटीतून उतरते. मयुरीनेच तिला तसे सांगून ठेवले आहे. नूर मोहम्मदही कधी त्या गावी भाताच्या हंगामात जातो, तेव्हा उतरतो. दोघेही आपापल्या खेपेला नाल्याच्या कोरड्या पात्रातून चालत पलीकडे जातात आणि एसटी त्यांची वाट पाहत थांबते. आतले प्रवासी खिडकीतून पाहून हसतात. म्हातारी माणसं, चालायचंच.

एकदा कंडक्टरने विचारलेच, "काऊन उतरता हो भाऊ? पूल पास हाय ना!"

"पास हाय," नूर मोहम्मद म्हणाला. "म्हनूनच."

राहिले चारशे बारा अहवाल. ते कोणत्या शाळेचे, कोणत्या दवाखान्याचे, कोणाच्या घराचे, हे आता सांगता येत नाही. आपण हे जिथे बसून वाचत आहात तिथले छत त्यांत असेलच असे नाही. वर पाहण्याचे मात्र कारण नाही. बांधून झाल्यावर आजवर आपण कधी विचारले नाही, आता विचारून मशीनला उगाच दोष कशाला आणायचा? निश्चिंत बसा. निकाल शंभर टक्के आहे.