पडून राहण्याची समाजसेवा

अंगाला घाम न लागू देता समाजसेवा करता येते, हा शोध जगात पहिल्यांदा कुणाला लागला असेल, तर तो डोकेबाजाला!

डोकेबाज हे अर्थातच त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. ते मामाने ठेवलेलं. मामाचं बाथरूमच्या सामानाचं दुकान होतं. नळ, पाइप, बेसिनं, आणि दर्शनी भागात एका रांगेत मांडलेले पांढरेशुभ्र कमोड. लहानपणी भाच्याला त्यांच्यावर फडकं मारायला सांगितलं, तेव्हा तो म्हणाला होता, "मामा, धूळ उद्या परत बसणारच आहे. आजची आणि उद्याची मिळून उद्याच पुसू." त्या दिवसापासून मामा त्याला डोकेबाज म्हणायला लागला, आणि भाच्याने ते कौतुक म्हणून घेतलं.

विद्यापीठाची दोन वर्षांची फी मामाने भरली. तिसऱ्या वर्षाच्या तोंडावर त्याने हात वर केले.

"भाचेबुवा, एक तर स्कॉलरशिप आणा, नाहीतर पुढच्या महिन्यापासून दुकानात या. कमोडांशेजारची खुर्ची रिकामीच आहे."

"मामा, स्कॉलरशिप खिशात आहे असं समज!"

"खिसा दाखव," मामा म्हणाला.

स्कॉलरशिप एका ट्रस्टची होती. तिच्यासाठी मुलाखत द्यायची, आणि त्याआधी विद्यापीठाच्या वसंत सप्ताहात एखादं स्वयंसेवेचं काम करायचं. झाडांना पालवी फुटली की विद्यापीठालाही पालवी फुटत असे. मैदानावर तंबू उभे राहत, आणि फलकावर समाजसेवेची यादी लागे. डोकेबाजाने ती यादी भाजी निवडावी तशी निवडली. तळं साफ करणे? ओलं काम. रोपं लावणे? खड्डे आले. आजी-आजोबांना वाचून दाखवणे? त्यांना ऐकू येत नसेल तर घसा गेला. रक्तदान? रक्त तर स्वतःचंच!

आणि अगदी तळाशी त्याला हिरा सापडला. 'प्रथमोपचार पथकाच्या सरावासाठी जखमी हवेत. अनुभवाची गरज नाही. फक्त पडून राहणे.'

पडून राहणे! या विषयात डोकेबाजाचा अनुभव एकवीस वर्षांचा होता. सराव सकाळी होता, आणि मुलाखत त्याच दिवशी साडेअकराला, मैदानालगतच्या लायब्ररीत. तासभर पडायचं, उठायचं, कपडे झटकायचे आणि मुलाखतीला जाऊन बसायचं. त्याने स्वतःचीच पाठ थोपटली.

सरावाच्या सकाळी मैदानावर भूकंप झालेला होता. म्हणजे मोडकी बाकं आणि पुठ्ठ्याची खोकी इकडेतिकडे टाकून तो झाला आहे असं समजायचं होतं. सरावाची सूत्रं एका निवृत्त मेट्रनकडे होती. तिला सगळे सिस्टर म्हणत. सिस्टरने प्रत्येक जखमीच्या गळ्यात त्याच्या दुखापतीचं कार्ड अडकवलं. डोकेबाजाने आपलं वाचलं: 'पाय मुरगळला. आधार देऊन चालवत न्यावे.'

चालवत! त्याला हा अपमान वाटला. शेजारच्या मुलीच्या कार्डावर मात्र लिहिलं होतं: 'डोक्याला मार. स्ट्रेचरवरून न्यावे.'

"ताई," तो मधाळ आवाजात म्हणाला, "तुझे कपडे नवे दिसतात. मातीत लोळलीस तर वाट लागेल. माझं घे."

"खरंच? किती चांगला आहेस रे!"

अशा रीतीने कार्डांची अदलाबदल झाली. कार्डाला मागची बाजूही असते, हे डोकेबाजाच्या डोक्यात आलं नाही. मागची बाजू वाचायला कार्ड उलटावं लागतं, आणि त्यात श्रम आहेत.

सराव सुरू होण्याआधी एका पाहुण्यांचं वेळेच्या महत्त्वावर भाषण होतं. ते संपेना. वर कोवळी पानं हलत होती, वारा मायेचा होता, आणि डोकेबाज नेमून दिलेल्या जागी पडलेला होता. त्याला झोप लागली.

शिट्टीने जाग आली तेव्हा लायब्ररीच्या मनोऱ्यावरचं घड्याळ अकरा वाजून दहा मिनिटं दाखवत होतं.

"मेलो!" म्हणत तो ताडकन उठून बसला.

"झोपा!"

दोन हातांनी त्याला परत आडवं केलं. हात प्रथमोपचार पथकाच्या कॅप्टनचे होते. ही शेवटच्या वर्षाची मुलगी. चार महिने ती मलमपट्टी शिकत होती, आणि आजवर तिच्या वाट्याला एकही डोकं फुटलेला माणूस आलेला नव्हता. तिच्यामागे स्ट्रेचर घेऊन पैलवान उभा होता. त्याचे दंड बघूनच पथकात घेतलेला.

"दादा, अजिबात हलायचं नाही. तुम्ही सुरक्षित हातांत आहात," कॅप्टन पाठ केलेल्या प्रेमळ आवाजात म्हणाली.

"अगं, मी ठणठणीत आहे! मला जाऊ दे!"

कॅप्टनने त्याच्या गळ्यातलं कार्ड उलटवलं आणि मोठ्याने वाचलं. "'रुग्णाला भ्रम झालेला आहे. तो स्वतःला ठणठणीत समजतो. उठून जाण्याचा हट्ट करतो. कोणत्याही परिस्थितीत उठू देऊ नये.'" मग तिने पैलवानाकडे कौतुकाने पाहिलं. "काय तयारीचा पेशंट आहे रे! शब्द न् शब्द पाठ!"

डोकेबाजाने कॅप्टनची बाही पकडली.

"ऐक, साडेअकराला माझी मुलाखत आहे!"

"हो का? छान. आधी सांगा, आत्ता तुम्ही कुठे आहात?"

"लायब्ररीमागे! खोट्या भूकंपात!"

"सिस्टर, याला भूकंप खोटा वाटतोय!" कॅप्टन ओरडली. "कॉलर द्या!"

मानेला ती जाड कॉलर बसली. आता त्याला फक्त आकाश दिसत होतं, आणि डोळे फाडून वळवले तर घड्याळाचा उजवा अर्धा भाग. दोन पट्टे छातीवरून आवळले गेले, एक गुडघ्यांवरून. भोवती विद्यार्थ्यांचं कडं जमलं.

"सोडा मला! मुलाखत चुकली तर मामा मला कमोडांशेजारी बसवेल हो! जन्मभर!"

कड्यातून टाळ्या पडल्या. कॅप्टनने वहीत नोंद केली. "भ्रम वाढला. रुग्णाला कमोड दिसत आहेत."

घड्याळाचा काटा वीस मिनिटांवर आला. डोकेबाजाला दरदरून घाम फुटला. समाजसेवेत घाम गाळायचा नाही या त्याच्या तत्त्वाला असा हरताळ फासला गेला. त्याने डोकं चालवलं. झोपेत कानावर पडलेलं सिस्टरचं एक वाक्य त्याला आठवलं: 'संकट मोठं असेल तर मेलेल्यावर वेळ घालवू नका. त्याला तिथेच ठेवा आणि जिवंतांकडे वळा.' बस्स! तिथेच ठेवतील, पाठ वळवतील, की पट्टे सोडवून सूंबाल्या!

त्याने एक कळवळणारा उसासा टाकला, मान टाकता येत नव्हती म्हणून जीभ टाकली आणि श्वास कोंडून धरला.

पण सिस्टर हे सांगत होती तेव्हा पैलवान स्ट्रेचर आणायला गेला होता.

"गेला?" पैलवान कापऱ्या आवाजात म्हणाला. "माझ्या हातून गेला? नाही जाऊ देणार!" त्याने बाह्या सरसावल्या आणि पाटाएवढा पंजा डोकेबाजाच्या छातीवर ठेवला. पहिल्याच दाबाला डोकेबाज "आई गं!" करून जिवंत झाला.

मैदानात जल्लोष झाला. सिस्टरने पैलवानाच्या हातावर चापट मारली. "अरे रेड्या, सरावात छाती दाबायची नसते!" पण तिच्याही चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. "कॅप्टन, एक लक्षात ठेव. भ्रमिष्टाशी वाद घालायचा नाही. त्याच्या कलाने घ्यायचं. वाद घातला की त्याचा रक्तदाब चढतो."

कलाने! डोकेबाज त्या शब्दाला बुडणाऱ्याने काडीला लोंबकळावं तसा लोंबकळला.

"सिस्टर, माझा रक्तदाब चढतोय!" तो ओरडला. "माझ्या कलाने घ्या! मला लायब्ररीत न्या, मुलाखतीला!"

कॅप्टनने सिस्टरकडे पाहिलं. सिस्टरने मान डोलावली.

"बरं हं," कॅप्टन लहान मुलाला समजवावं तशी म्हणाली. "जाऊ या हं आपण मुलाखतीला. पैलवाना, उचल."

वरात निघाली. पुढे पैलवान, मागे आणखी एक दांडगा गडी, बाजूला नाडी धरून कॅप्टन. वरून फांद्या सरकत होत्या. जिन्यात डोकेबाजाचे पाय वर आणि डोकं खाली झालं, मग डोकं वर आणि पाय खाली. घड्याळाचा टोल पडला तेव्हा दारात स्ट्रेचर अडकलं होतं. ते तिरकं करून, पाय पुढे, डोकेबाज मुलाखतीत शिरला.

टेबलामागे दोघंच होती. एक ट्रस्टच्या बाई, साखळीचा चष्मा लावलेल्या, आणि शेजारी अर्थशास्त्राचे प्राध्यापक.

"रुग्णाला जमिनीवर ठेवत नाहीत," कॅप्टनने जाहीर केलं. प्राध्यापकांनी कसाबसा आपला चहाचा कप उचलला, आणि स्ट्रेचर टेबलावर आलं.

"हे काय आहे?" बाईंनी विचारलं.

"डोक्याला मार लागलाय. याला वाटतंय की आज याची मुलाखत आहे."

बाईंनी समोरचा कागद पाहिला. "आहेच. आत्ता याचीच आहे."

कॅप्टनने आवाज खाली आणला. "बरोबर आहे बाई. असंच हो ला हो म्हणत राहा."

प्राध्यापकांनी घसा साफ केला. "समाजसेवेची प्रेरणा तुम्हाला कुठून मिळाली?"

हे उत्तर डोकेबाजाने आठवडाभर घोकलं होतं. तो छताकडे बघत सुरू झाला, "लहानपणापासूनच दीनदुबळ्यांचं दुःख पाहून माझं अंतःकरण..."

"नाडी वाढली," कॅप्टन म्हणाली.

"...कळवळून येई. परसेवेतच खरा आनंद..."

"आणखी वाढली!"

बाईंनी चष्मा नाकावर चढवला. "एक मिनिट. हात तसाच धरून ठेव ग. हं, बाळ, आता सांग. जखमीचंच काम का निवडलंस?"

"इतरांना शिकायला मिळावं या उदात्त हेतूने..."

"नाडी पळतेय, बाई!"

पट्टे आवळलेले, मान जखडलेली, मनगट शत्रूच्या ताब्यात. छतावर डोकेबाजाला मामाच्या दुकानातली ती खुर्ची स्पष्ट दिसली. शेवटी त्याने डोळे मिटले.

"पडून राहायला मिळेल म्हणून," तो म्हणाला. "चालायचाही कंटाळा आला, म्हणून एका मुलीचं कार्ड लाटलं. ही स्कॉलरशिप मिळाली नाही तर शिक्षण संपलं. आणि शिकायचं मात्र मला खरंच आहे. ते सोडून बाकी सगळ्याचा मला आळस आहे."

कॅप्टन मनगटावर वाकली. "नाडी स्थिर," ती चकित होऊन म्हणाली. "पण बाई, तुम्ही मनावर घेऊ नका. भ्रम आहे."

"भ्रम नव्हे," बाई कागदावर काहीतरी खरडत म्हणाल्या. "सकाळपासून दहा मुलं येऊन गेली. दहाही जणांची अंतःकरणं कळवळली होती. शुद्धीवर असलेला हा पहिलाच."

स्कॉलरशिप मिळाली! डोकेबाजाने मामाला पत्र दाखवलं. मामाने ते दोनदा वाचलं, उलटवलं, आणि मागची बाजूही वाचली.

"डोकेबाज, मागे अट आहे रे," तो गालात हसत म्हणाला. "'विद्यार्थ्याने वर्षभर प्रथमोपचार पथकात काम करावे. काम: स्ट्रेचर उचलणे.'"

पुढच्या वसंतात त्याच मैदानावर पुन्हा भूकंप झाला. कॅप्टन शिकून बाहेर पडली होती. स्ट्रेचरच्या पुढच्या दांड्या आता डोकेबाजाच्या हातात होत्या आणि खांदे निखळायला आले होते, कारण या वर्षी जखमी म्हणून पैलवान पडला होता. डोक्याला मार, भ्रम.

अर्ध्या वाटेत पैलवान कुजबुजला, "ए, सोड ना रे. खरंच जायचंय मला. फार घाईची लागलीय."

डोकेबाजाने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"झोपा, दादा," तो प्रेमळ आवाजात म्हणाला. मग नाडी धरून चालणाऱ्या नव्या कॅप्टनला सांगितलं, "लिहून घे. यालाही कमोड दिसत आहेत."