नव्वद नव्वद

मोशीच्या रोहिदासरावांची जीप, ट्रॅक्टर, मोटारसायकल आणि बायकोची स्कूटर, सगळ्यांचा नंबर ९०९०. मोबाइलचा शेवटही ९०९०च. त्यासाठी त्यांनी आरटीओत घातले तेवढे हेलपाटे माणूस देवळातही घालत नाही. त्यामुळे चिंचवडच्या सुजितने त्यांच्या संगणकावर बुलेटिन बोर्ड बसवून देताना "प्रत्येक मेसेजला मशीन आपोआप नवा नंबर देईल" म्हटलं, तेव्हा त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"मशीन दील तो नंबर आपला कसा?"

सुजितची पाठ वळताच त्यांनी सेटिंग शोधलं आणि तिथे कायमचा ९०९० ठोकून दिला.

बोर्ड म्हणजे हौशी लोकांचं मंडळ. चिंचवड, सांगवी, चाकणकडची दहाबारा माणसं, त्यांत सुजित सगळ्यांत पुढे. त्यांचे घरोघरचे संगणक आपसांत मेसेज पोचवत. "नमस्कार, मोशीहून रोहिदास," हा पहिला मेसेज गेला आणि सगळ्यांनी स्वागत केलं. सांगवीच्या निवृत्त शिक्षिका प्रभावतीबाईंनी तर प्रकृतीची चौकशीही केली. रोहिदासराव हरखले. गावात त्यांच्याकडे माणसांची रीघ असे, पण जो येई तो जमिनीचंच काही घेऊन येई. इथे कुणाला त्यांच्याकडून काही नको होतं.

दुसऱ्या मेसेजला मात्र उत्तर आलं नाही. तिसऱ्यालाही नाही. मग घरी नवी गाडी आली आणि तिचं जेवण निघालं. "रविवारी सर्वांनी मटणाला यावे. शाकाहारींची चूल वेगळी आहे," असं त्यांनी अगदी मनापासून लिहिलं.

रविवारी गच्चीवर मांडव, सतरंज्या, मोठं पातेलं. बोर्डावरचं मात्र कुणीच आलं नाही.

"एकांदा फोन तरी करा की," त्यांची बायको शालनबाई म्हणाल्या.

"आवतन दिलंय एकदा. आता काय पाया पडू?"

पातेलं शेवटी गल्लीत वाटावं लागलं. सोमवारी रोहिदासराव दात-ओठ खात लिहायला बसले. सुजित 'फुकटचा सरपंच' झाला, प्रभावतीबाई 'खडूस मास्तरीण'. इतरांच्या वाट्याला आलेलं इथे लिहिण्यासारखं नाही.

त्यालाही उत्तर नाही. आता मात्र त्यांचा धीर सुटला. चहा निवायचा, ते पडद्याकडे बघत बसायचे.

"शिव्यांनाबी उत्तर न्हाई गं. दुश्मन तरी बोलतो. आमी काय मेलोय व्हय?"

हे बघवेना म्हणून शालनबाईंनीच गुपचूप सुजितला बोलावलं. शिफ्ट संपवून तो आला, सेटिंग बघितलं आणि कपाळावर हात मारला.

"दादा, सगळ्या मेसेजना एकच नंबर? अहो, तोच नंबर परत आला की आमच्या मशीनना वाटतं, जुनाच मेसेज फिरून आलाय. ती न दाखवताच फेकून देतात. तुमचा फक्त पहिला पोचला. आम्ही समजलो, दादा अबोल आहेत."

रोहिदासरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते स्वतः चहा सांगायला आत धावले.

"शालन, माणसं चांगली हायेत गं! त्यांना कळलंच नव्हतं!"

चहा घेऊन ते बाहेर आले तेव्हा सुजितचं काम उरकलं होतं.

"झालं, दादा. आणि तुमचे सगळे मेसेज इथेच जपून ठेवलेले होते. प्रत्येकाला नवा नंबर देऊन पाठवून दिले. एकही सोडला नाही."

"सगळे?"

"सगळे. वाचले नाहीत हं. दुसऱ्याचं वाचायची सवय नाही मला."

रोहिदासरावांनी सुजितला जेवूनच जायचा आग्रह धरला, पण तो थांबला नाही. सुजित घरी पोचून आपल्या वाट्याचं वाचेपर्यंत इकडे उत्तरं येऊ लागली होती. सगळ्यांत आधी प्रभावतीबाईंचं होतं.

"आमंत्रण पोचले. त्यानंतरचेही पोचले. आपला जुना नंबर फार चांगला होता. कृपया तोच पुन्हा लावावा."