सभेआधी छापलेली सभा

वाचकहो, वर्तमानपत्र कसं चालवावं हे कुणाला शिकायचं असेल तर त्यानं सरळ माझ्याकडे यावं! मुंबईचे संपादक काय, घटना घडली की धावत सुटतात, घामाघूम होतात आणि एवढं करून शिळी बातमी छापतात. मी तसा नव्हे. आमच्या 'दर्यावार्ता' साप्ताहिकात मी सभेचा वृत्तांत आदल्या दिवशीच छापून मोकळा होत असे!

त्याला कारणही तसंच होतं. आमचा छापखाना म्हणजे माझ्या घराची पडवी. यंत्र पायानं चालवायचं, आणि ते चालू झालं की शेजारच्या गाई दावं तोडून पळायच्या. रविवारी संध्याकाळची सभा झाल्यावर छापायला घेतली तर सोमवारी सकाळी रेवसहून सुटणारी आगबोट चुकलीच म्हणून समजा. मग मुंबईत कामाला असलेल्या आमच्या गावकऱ्यांच्या हाती अंक पडायचा पुढच्या आठवड्यात. शिवाय सभा म्हणजे तरी काय हो? हार, भाषण, टाळ्या, गाणं, आभार. सूर्य उगवायची वाट बघून का कुणी पंचांग छापतं?

त्या वैशाखात आमच्या नाट्यमंडळाच्या नव्या रंगमंचाचं उद्घाटन होतं. उद्घाटक म्युनिसिपालिटीचे अध्यक्ष धर्माजीशेठ. त्यांच्याविरुद्ध निवडणुकीला उभे होते करमअली शेठ, मचव्यांचे मालक आणि लाकडाचे व्यापारी. मासळीबाजार कुठं बांधावा यावरून दोघांचं असं बिनसलं होतं, की एक समोरून आला तर दुसरा भर उन्हात गल्लीत वळायचा, गल्ली नसली तर कुणाच्याही घरात शिरायचा! मंडळानं मात्र शहाणपण केलं होतं. रंगमंचाच्या फळ्या करमअली शेठांकडून घेतल्या आणि खिळे धर्माजीशेठांकडून. दोघांची नावं फलकावर. झालं!

शनिवारी मी वृत्तांत लिहून दिला. आमचा कंपोझिटर गुणाजी छपाईचे शिशाचे खिळे जुळवता जुळवता म्हणाला, "रकाना भरत न्हाय. थोडी जागा उरते."

"मग घाल, अध्यक्षांनी टाळ्यांच्या कडकडाटात कोळीवाड्याला नळ देण्याचं जाहीर केलं."

"अजून उरते."

"घाल, करमअली शेठांनी पुढे होऊन अध्यक्षांना कडकडून मिठी मारली. उपस्थितांचे डोळे पाणावले."

"अजून दोन बोटं."

"रावजी मास्तरांच्या गाण्याला तीनदा वन्समोअर! आता तरी भरलं का?"

"भरलं," गुणाजी म्हणाला. "पन हे हुयाचं हाय ना अजून?"

"तुला काय करायचंय? सभा संपली की अंक वाटायला घे. आधी नाही!"

हे वाक्य मी अगदी स्पष्ट मराठीत उच्चारलं होतं. घोळ घातला तो दुसऱ्याच एका सभेनं. रविवारी सकाळी नाट्यमंडळाच्या कमिटीची सभा भरली. विषय एकच, पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर कोण बसणार. चहा यायच्या आत भांडण होऊन सभा उधळली. गुणाजीनं रस्त्यात कुणाला तरी विचारलं, "सभा संपली काय?" तो माणूस म्हणाला, "संपली म्हणजे काय, कायमची संपली!" गुणाजीनं गठ्ठा काखेत मारला आणि दुपारच्या आत गावभर वाटून आला!

मी जेवून नुकताच आडवा झालो होतो. आमच्या सौभाग्यवती वेणूबाईंनी हलवून उठवलं. "अहो, धर्माजीशेठांचं बोलावणं आलंय. आणि माणूस नेहमीसारखा हसत नव्हता."

शेठच्या अंगणात पाऊल टाकलं आणि माझे पाय तिथंच रुतले. सगळा कोळीवाडा तिथं हंड्या-कळशांसह उभा! पुढे बायजा. ही कोळीवाड्याची पुढारीण. हिच्या आवाजानं म्हणे जाळ्यातले मासे मुकाट टोपलीत जाऊन बसत. वैशाखात कोळीवाड्याची विहीर आटायची आणि या बायका टेकडीपलीकडून पाणी आणायच्या, हे गावाला ठाऊक होतं. म्युनिसिपालिटीला तेवढं नव्हतं.

"शेट, तुमी देवमानूस हाव!" बायजा म्हणत होती. "नल दिला तुमी आमाला!"

"अगं, पण मी कधी म्हणालो?"

"पेपरान आलाय! वाचून घेतलाय आमी मास्तरकडून. टाल्या पन वाजल्या!"

शेठनी माझ्याकडे बघितलं. गळाला लागलेला मासा गळ टाकणाऱ्याकडे बघत असेल, तसं! मला ओट्याच्या कोपऱ्यात ओढून ते म्हणाले, "संपादक, आता नाही म्हटलं तर एक मत पडायचं नाही मला. आणि हो म्हटलं तर नळ कुठून आणू? उद्यापासून म्युनिसिपालिटीच्या जाहिराती बंद! छापखानाही तुझा बंद झाला म्हणून समज!"

"शेठ, मी शुद्धिपत्रक काढतो..."

"आणि त्यात काय लिहिशील? अध्यक्षांनी नळ दिला नाही? म्हणजे उरलीसुरली मतंही बुडवतोस!"

एवढ्यात करमअली शेठ फाटकातून आले. धर्माजीशेठांच्या फाटकातून! हातात अंक फडफडत होता.

"या अल्ला! मी याला मिठी मारली? कधी? कुठं? अरे, माझी इज्जत काय राहिली? वखारीतले हमाल हसायला लागले!"

"मी तुला मारू दिली असती होय!" धर्माजीशेठ कडाडले.

मी मनातल्या मनात छापखाना विकायला काढला. पण तोवर प्रकरण पुरुषांच्या हाताबाहेर गेलं होतं. करमअली शेठांच्या बीबी कुबरा यांनी अंक वाचून घेतला आणि त्यांना मनापासून आनंद झाला. धर्माजीशेठांच्या सखुबाई त्यांची जुनी मैत्रीण. नवऱ्यांच्या भांडणापायी दोघींचं येणंजाणं बंद पडलं होतं. 'मिठी झाली ना, मग आता कसली अडचण!' म्हणून कुबराबींनी थाळाभर सांदणं पाठवून दिली होती. सखुबाईंनी उलट टपालानं ओल्या नारळाच्या करंज्या. आम्ही अंगणात भांडत होतो तेव्हा स्वतः कुबराबी मागच्या दारानं येऊन स्वयंपाकघरात बसलेल्या! आतून दोघींच्या हसण्याचा आवाज आला आणि दोन्ही शेठांनी एकदम दाराकडे माना वळवल्या.

जरा वेळानं सखुबाई दारात आल्या. "मिठी मारायची असली तर संध्याकाळीच मारा. इथं अंगणात नको, सारवलंय."

संध्याकाळी रंगमंचासमोर सारं गाव लोटलं. आणि काय सांगू, प्रत्येकाच्या हातात 'दर्यावार्ता'! जसं कीर्तनाला पोथी उघडून बसावं, तसे लोक वृत्तांत उघडून बसले होते. धर्माजीशेठ बोलायला उभे राहिले. नाट्यकलेपासून निघाले, मासळीबाजारावर आले, रस्त्यांवर आले, पण नळावर काही येईनात.

मागून आवाज आला, "शेठ, एक ओळ गाळलीत!"

"रकान्याच्या खालच्या अंगाला बघा!" दुसरा.

बायजा उभीच राहिली. हंडा कमरेवर होता. ती ओरडली नाही, नुसती बघत राहिली. तिच्यामागे बाकीच्या उभ्या राहिल्या. शेठनी घाम पुसला. हंड्यांची ती रांग त्यांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली, आणि हळूच म्हणाले, "कोळीवाड्याला... नळ देण्यात येईल."

टाळ्यांचा असा कडकडाट झाला की मी छापलेला त्यापुढे अगदीच फिका!

"आता मिठी!" पब्लिक ओरडलं.

करमअली शेठ हुशार. सगळं श्रेय एकट्या धर्माजीला जातंय हे त्यांनी ताडलं. ते ताडताड मंचावर चढले आणि जाहीर करून टाकलं, "नळाचे पाइप मुंबईहून माझ्या मचव्यातून येतील! भाडं घेणार नाही!" आणि धर्माजीशेठांना मिठी मारली. दोघंही अंगानं भरलेले. मिठी नुसती मारायची म्हणून मारली होती. पण का कुणास ठाऊक, लवकर सुटेना. करमअली शेठ काहीतरी पुटपुटले, धर्माजीशेठ हसले, आणि त्याच क्षणी खालची फळी कडाड्कन मोडली! दोन्ही उमेदवार कमरेपर्यंत रंगमंचात!

"हे पेपरात नाही!" सगळं गाव एका सुरात ओरडलं.

"फळ्या कुणाच्या?" आतून धर्माजीशेठ.

"खिळे कुणाचे?" करमअली शेठ.

त्यांना उपसून काढेपर्यंत रावजी मास्तरांनी गाऊन घेतलं. मास्तरांचा आवाज सर्दीनं पार बसला होता. पेटी वाजत होती म्हणून गाणं चाललंय एवढं कळत होतं. तरी लोकांनी इमानेइतबारे तीनदा वन्समोअर दिला. तिसऱ्यांदा मास्तरांनी हात जोडले, पण लोक सोडायला तयार नव्हते!

निवडणूक कोण जिंकलं हे इथं महत्त्वाचं नाही, नळ आला. म्युनिसिपालिटीच्या जाहिरातीही चालू राहिल्या. फळी मोडल्याची बातमी मात्र शेजारच्या गावच्या साप्ताहिकानं छापली. गावात घडलेली तेवढी एकच घटना माझ्या अंकात नव्हती.

पण खरी आफत सोमवारी सकाळी उगवली. पडवीत माणसांची रांग! कुणाला लेकीचं लग्न जमल्याचं छापून हवं, कुणाला कोर्टात दावा जिंकल्याचं. फिरोजा नावाची एक तरुण बाई कोपऱ्यात उभी होती. तिचा नवरा परदेशी बोटीवर खलाशी. "भाईसाब, फक्त एवढंच लिहा की तो या मोसमात घरी आला," ती म्हणाली. मी वृत्तपत्राची मर्यादा वगैरे समजावून सांगितली. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरं. पण जागा उरली तर लिहा."

सगळे गेल्यावर मी सुस्कारा टाकून आत आलो. बघतो तर वेणूबाई गुणाजीला मजकूर सांगत होत्या आणि तो भराभर खिळे जुळवत होता.

"काय चाललंय?"

"तुमच्याच अंकाचं," त्या म्हणाल्या. "वाच रे गुणाजी."

गुणाजीनं घसा साफ केला. "आमचे संपादक येत्या मंगळवारी स्वतः शिडी लावून घरावर चढले व पावसाआधी सर्व कौले परतून खाली उतरले. शेजाऱ्यांनी त्यांचे कौतुक केले."

वाचकहो, तेव्हापासून दर वैशाखात ही बातमी छापली जाते, आणि ही हकीकतही मी कौलांवर बसूनच लिहितोय. खाली शेजारी जमलेत. आणि मला उतरता येत नाहीये!